मावशीचा एकच प्रसंग

माझी मावशी चित्रपटांत काम करायची, म्हणजे गर्दीत. दवाखान्यात रोगी, लग्नात पाहुणी, मयताला रडणारी. "पाठ ओळखायला शिका, तोंड काही दिसायचं नाही," असं आम्हाला बजावायची आणि स्वतःच हसायची.

साठी उलटल्यावर ध्यानीमनी नसताना तिला आईची भूमिका मिळाली. प्रसंग एकच, पण कॅमेरा तिच्यावर आणि शेवटी नामावलीत नाव. मुलगा भांडून घर सोडतो. आई त्याचं वाढलेलं ताट झाकते, बसून राहते आणि मग ते स्वतःच जेवून टाकते. हे ताटाचं मावशीनेच दिग्दर्शकाला सुचवलेलं.

निर्मात्याचा भरवसा मात्र यंत्रावर. चित्रपट चालणार की पडणार, ते आधीच सांगतं म्हणे! त्यासाठी चाचणीचा खेळ ठेवला. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं: आवडलं तर हिरवं, नावडलं तर लाल. वयस्क बायका मिळेनात, म्हणून मावशीने हौसेने माझ्या आईला नेलं. घरचं हक्काचं मत!

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शकाने मावशीला बोलावलं. "बाई, काम झकास केलंत. पण आकडे सांगतात, आईच्या वयाच्या बायकांना हा प्रसंग नको आहे. कापावा लागतोय."

"अशा बायका होत्या किती?"

"दोन. एकीने काहीच दाबलं नाही, झोपली असावी. दुसरीने लाल बटणावरचं बोट काढलंच नाही."

मावशी तडक आमच्याकडे आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"ताई, ती दुसरी तूच ना?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "हो."

"सख्खी बहीण असून केसाने गळा कापलास माझा!"

"आणि तू गं? माझा मुलगा घर सोडून गेला तेव्हा स्वयंपाकघरात माझ्याजवळ तू एकटीच होतीस. ते ताट चव्हाट्यावर मांडलंस. मला विचारलंस?"

मी दोघींवरही चिडले. दादा गेला तेव्हा मी शाळेत होते. त्या ताटाबद्दल आईने माझ्याजवळ आजवर चकार शब्द काढला नव्हता. ते कळलं कशामुळे, तर एका लाल बटणामुळे!

यंत्राने हमखास चालणार म्हटलेला तो चित्रपट आठवड्यात आपटला. तो उतरायच्या आधी आई गुपचूप एकटीच बघून आली.

"मला वाटलं, एका बटणाने काय होतंय," ती मला म्हणाली. "दिवे लागेपर्यंत बसले गं. तिचं नावही नाही."

मी जाऊन मावशीला सांगितलं. ती दारातच उभी होती, आत ये म्हणाली नाही.

"आता काय बघायला गेली होती?" ती म्हणाली. "कापलेल्या प्रसंगात तीच तर होती."

आणि तिने दार लावून घेतलं.