घरबसल्या जिऑलॉजी

जिऑलॉजीवाल्यांच्या घरात दगड कसे साठत जातात, ते आमच्या सासूबाईंना विचारा. कपाटावर दगड, पलंगाखाली दगड, जास्वंदीच्या कुंडीतसुद्धा दगड! लॉकडाउनमध्ये नवे दगड येणं बंद झालं, तर किस्से साठायला लागले. त्यांचं एक बरं असतं. त्यांच्यावरची धूळ पुसावी लागत नाही, आणि दिवाळीला कुणी फेकून द्या म्हणत नाही.

मी नागपुरात एम.एस्सी.च्या पोरांना जिऑलॉजी शिकवते. कॉलेज बंद झालं तेव्हा माझी बॅच शेवटच्या वर्षाला होती. थिअरी कशीबशी मोबाइलवर सुरू झाली. प्रॅक्टिकलचं काय? दगडांचे सगळे नमुने डिपार्टमेंटच्या कपाटात, कपाटाची किल्ली हेड देवगडे सरांकडे, आणि सर घरात!

मी फोन केला, तर सर म्हणाले, "मॅडम, मोबाइलवरून दगड शिकवणं म्हणजे फोनवरून पोहायला शिकवणं. असल्या प्रॅक्टिकलच्या मार्कांवर मी सही करणार नाही. कॉलेज उघडेल तेव्हा प्रॅक्टिकल घेऊ. पोरांचं वर्ष गेलं तर गेलं."

गेलं तर गेलं! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बॅचमध्ये कोराडीची प्रणाली मेश्राम होती. वडील पॉवर स्टेशनमध्ये, रिटायरमेंटला आलेले, क्वार्टर सोडायची वेळ जवळ आलेली. पदवी हातात पडली की नोकरीला लागायचं, एवढंच त्या पोरीनं ठरवलेलं. तिचं वर्ष असंच कसं जाऊ द्यायचं?

मी म्हटलं, "सर, बाहेरचे परीक्षक, एक्स्टर्नल बोलवा. ऑनलाइन तोंडी परीक्षा, व्हायवा घेऊ द्या. त्यांचं समाधान झालं नाही, तर तुमचं खरं."

"ठीक आहे," सर म्हणाले. फोन ठेवल्यावर मला घाम फुटला. बोलून तर बसले, आता शिकवायचं कशावर?

दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं, "घरात एकही दगड नाही असं घर मला दाखवा. पाटा, वरवंटा, ओटा, फरशी, पायरी. आजपासून तीच आपली लॅब!"

* * *

सावनेरच्या अमोल ठाकरेला घरात रेंज नव्हती. शेतातल्या नव्या विहिरीच्या मातीदगडांचा मोठा ढीग होता, त्याच्या टोकावर मात्र रेंज यायची. बाकीची पोरं पाटे-वरवंटे दाखवत होती आणि हा रोज हात हलवून सांगायचा, "मॅडम, इथं काहीच नाही जी. मी तर नुसता ढिगावर बसून राहिलो."

तीन-चार दिवस मीही ऐकून घेतलं. मग एकदम माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. "अमोल, विहीर खणताना सगळ्यात आधी काय लागलं होतं?"

"काळी माती."

"मग?"

"मुरूम. मंग कच्चा दगड. मंग पक्का काळा."

"आणि आता तू कशावर बसला आहेस?"

त्यानं खाली पाहिलं. "पक्क्यावर." मग एकदम उभाच राहिला. "बाप्पा! मॅडम, सगळ्यात खालचा दगड सगळ्यात वर हाय! इथं तर जमीनच उलटी करून ठेवली!"

त्या दिवशी अख्ख्या वर्गानं ढीग उलटा वाचून विहिरीचा नकाशा काढला. थरांचा क्रम इतका पक्का मी कधी फळ्यावर शिकवू शकले नव्हते. मागून अमोलच्या आजोबांचा आवाज आला, "शिकायले याले नागपूरले धाडलं, अन् मास्तरीण आमच्याच विहिरीचं इचारून राहिली!"

* * *

नागपूरचा मे महिना आणि घरोघरी कूलर. एकानं माइक चालू केला की वर्गात विमान उतरायचं! शेवटी मी नियम केला : ज्याला बोलायचं असेल त्यानं आधी कूलर बंद करायचा.

एरवी एका प्रश्नावर दहा मिनिटं गोल गोल फिरणारी पोरं. पण पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करून कोण फिरतं? "बेसॉल्ट, मॅडम. बारीक कण, लाव्हा लवकर थंडावला. झालं." खटकन कूलर चालू.

इतकी मुद्देसूद उत्तरं मला अख्ख्या नोकरीत मिळाली नव्हती. कॉलेज उघडल्यावर व्हायवाच्या खोलीतला पंखा काढून टाकावा असा माझा प्रस्ताव होता. तो कुणी मनावर घेतला नाही.

* * *

चिकणमातीसारखा दगड ओळखायची आमची एक जुनी रीत आहे. तो जिभेला लावायचा. चिकटला तर त्यात चिकणमाती आहे. फील्डवर आम्ही सगळे हे बिनदिक्कत करतो. धुऊन, पुसून, पण करतो.

प्रणाली वर्गात कधी तोंड न उघडणारी. हे मात्र तिनं मन लावून केलं. कोराडीच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून एकामागून एक दगड जिभेला लावत होती, आणि तेवढ्यात तिची आई बाहेर आली. आता ते दिवस आठवा. कोरोनात आधी तोंडाची चव जायची, त्यामुळे कुणी कशाची चव घेऊन बघायला लागलं की घरचे थर्मामीटर शोधायचे.

"काय करून राहिली वं?"

"काही नाही गं, जिभेला लागतं का बघते."

आईनं पुढचं ऐकलंच नाही. पोरीची चव गेली! मीठ-तिखट कळेना म्हणून दगडापर्यंत गेली! प्रणालीची रवानगी मागच्या खोलीत झाली. ताट दाराशी, आई दोन ओढण्या तोंडाला बांधून लांब उभी. पोरगी आतून ओरडतेय, "आई, अभ्यास हाय माझा!" आणि आई म्हणतेय, "ताप डोक्यात गेला वाटते."

शेवटी मी फोनवर समजावलं. माउलीला पटलं नाही. तिनं अख्खं लिंबू प्रणालीच्या तोंडात पिळलं. पोरीचं तोंड असं काही वेडंवाकडं झालं की आईनं तिथंच हात जोडले. "बरी हाय जी मॅडम! चालू द्या तुमचं दगड चाटणं!"

* * *

स्नेहलचे वडील कळमन्यात धान्याचे व्यापारी. नुकतंच घर बांधलेलं. हॉलमध्ये "इटालियन मार्बल", आणि आल्यागेल्याला ते चपला काढायला लावून दाखवायचे.

संगमरवर ओळखायचा तर आंबट काहीतरी टाकून बघायचं, बुडबुडे येतात. मी पोरांना दगडाच्या भुकटीवर व्हिनेगर टाकायला सांगितलं होतं. स्नेहलला एवढा धीर कुठला! तिनं बाथरूम धुवायचं ॲसिड आणलं आणि हॉलच्या मधोमध, कॅमेऱ्यासमोर, एक थेंब टाकला.

काही नाही. अजून एक थेंब. बुडबुड्याचं नाव नाही.

स्नेहलनं आनंदानं जाहीर केलं, "मॅडम, हे मार्बल नाहीच! साधी टाइल आहे!" वर्गानं टाळ्या वाजवल्या. स्नेहलच्या मागं सोफ्यावर तिचे वडील चहा पीत बसले होते, ते आम्हा सगळ्यांना दिसत होते. फक्त तिला दिसत नव्हते.

ते सावकाश उठून कॅमेऱ्याजवळ आले. "मॅडम, पोरगी हुशार केली तुम्ही. पण आता तिले बाथरूमचीच फरशी शिकवा."

* * *

फील्डवर्क कसं करायचं? मी म्हटलं, दूध-भाजीला बाहेर पडाल तेवढ्यात आपापल्या रस्त्याचा नकाशा करा. कुठे कुठला दगड आहे, तेवढं टिपा.

अमोलला सावनेरच्या चौकात हवालदारानं अडवलं. नाक्यावर बंदोबस्त, रस्ता सामसूम, आणि हा पठ्ठ्या पोलिसांच्या समोर वाकून दगड उचलतोय!

"काय गा, दगड काहून उचलून राहिला?"

"अभ्यासाले."

"अन् थैलीत काय हाय?"

"हातोडा."

पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. अमोलनं मला फोन लावला आणि आवाज अगदी रडवेला. "मॅडम, पोलिसासमोर दगड उचलायचा नाही, हे तुम्ही शिकवलंच नाही जी!"

मी हवालदारांना सगळं समजावलं. हातोडा का लागतो तेही सांगितलं, कारण दगड वरून वेगळा दिसतो आणि फोडल्यावर वेगळा. ते हसले. "आमच्या धंद्यातबी तसंच असते मॅडम," म्हणाले आणि त्याला सोडून दिलं. आठवड्यानं अमोलनं फोटो पाठवला. नाक्यावरच्या टेबलाखाली हवालदारांनी त्याच्यासाठी चार वेगवेगळे दगड जमवून ठेवले होते.

* * *

हे सगळं चाललं असताना देवगडे सर मात्र दर सोमवारी फोन करून एकच विचारायचे, "एक्स्टर्नल काय म्हणतील?"

एके दिवशी वर्गात "पिहू" नावाची एक नवी चौकट दिसली आणि मग रोजच दिसायला लागली. कॅमेरा बंद, माइक बंद. मी म्हटलं असेल कुणाची तरी बहीण. एकदा स्नेहल एक लालसर दगड दाखवून जास्पर, म्हणजे लाल गारगोटी, आहे म्हणाली, मीही मान डोलावली. तेवढ्यात पिहूच्या चौकटीतून दणदणीत आवाज आला, "अहो, जास्पर कुठलं? विटेचा तुकडा आहे तो!"

नातीच्या टॅबवरून देवगडे सर दहा दिवसांपासून वर्गाला बसत होते! बरं, वीटच होती ती. मी निमूट चूक मान्य केली. मग सर दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, उद्या पण दुपारीच आहे ना वर्ग?"

* * *

आणि आता व्हायवा.

एक्स्टर्नल सर दुसऱ्या गावचे, कडक म्हणून प्रसिद्ध. स्क्रीनवर आले तेच कपाळाला आठ्या घेऊन. अमोल, स्नेहल आणि बाकीच्यांची उत्तरं शांतपणे ऐकली आणि शेवटी म्हणाले, "हे सगळं इंटरनेटवर मिळतं. यांनी दगड हाताळले आहेत हे मी कशावरून मानू? माफ करा मॅडम, माझं समाधान झालेलं नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. एकच पोरगी उरली होती, प्रणाली.

एक्स्टर्नल सर उठले, दाराशी गेले आणि दार आपटू नये म्हणून लावलेला एक काळपट दगड उचलून आणला. "वीस वर्षांपासून हा आमच्याकडे आहे. एका खाणीवरून आणला होता. याचा फोटो कुठेच नाही. सांगा, काय आहे?"

प्रणालीनं स्क्रीनजवळ चेहरा नेला. बराच वेळ बघितलं. मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले.

"सर, नाही सांगता येत," ती म्हणाली.

संपलं! एक्स्टर्नल सरांनी पेन उचललं.

"नुसतं बघून दगड ओळखायचा नाही, असं मॅडमनं शिकवलं आहे सर. हातात घ्यावा लागतो. माझे हात तिथं पोचत नाहीत." तिनं कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात धरले. "तुम्ही तुमचे हात देता का थोडा वेळ?"

एक्स्टर्नल सरांनी पेन खाली ठेवलं. "बोला."

"वजन कसं आहे सर? एवढ्याच दुसऱ्या दगडापेक्षा जड?"

"बराच जड."

"नखानं ओरखडा निघतो का? नाही ना? मग चाकू आणा. स्वयंपाकघरातला चालेल."

सर चाकू घेऊन आले! "मुश्किलीनं निघतोय."

"आता एक कप आणा सर. उलटा करा. बुडाशी जी खरखरीत कड असते, जिथं चकाकी नसते, त्यावर दगड घासा. जोरात घासा सर, असं हळू नाही."

वर्गात कधी तोंड न उघडणारी माझी पोरगी परीक्षकाला दटावत होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू? आलं.

सरांनी जोर लावून घासला. "रेघ उमटली."

"कुठला रंग, सर?"

ते कप डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

"सर? काळी आहे का लाल?"

"लाल," सर हळूच म्हणाले. "मी तर याला मँगनीज म्हणून..."

"मँगनीजची काळी आली असती सर. हा हेमॅटाइट आहे. लोखंडाचा."

सरांनी तो कप बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि पुन्हा घासला. पुन्हा लाल. मग तिसरा. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "अहो, पाहुण्यांचे कप आहेत ते! काय चाललंय काय तुमचं?"

सरांनी मान वरसुद्धा केली नाही.

"थांब गं जरा! माझी परीक्षा चालू आहे!"