झाड आड येतंय

हरेश भोयेचं दुकान जव्हारच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला होतं. एवढासा गाळा, आत उघडे पडलेले टीव्ही, वायरींची भेंडोळी, आणि बाहेर भिंतीला टेकून ठेवलेल्या छत्रीच्या पाकळ्या. डिशला आमच्याकडे सगळे छत्रीच म्हणत. हरेश पोशेऱ्याच्या पुंजा भोयेचा धाकटा मुलगा. थोरला भाऊ भात आणि नागलीची शेती बघायचा. हरेशनं नाशकात एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे तीन वर्षं काढली आणि परत येऊन हा धंदा सुरू केला. डोंगराआडच्या पाड्यांवर अँटेनाला नुसत्या मुंग्या दिसत. तिथे हरेश जायचा, होकायंत्र धरायचा, छत्री वाकवायचा, आणि पडद्यावर माणसं यायची. जव्हार-मोखाड्यात त्याचं नाव झालं होतं. 'हरेश आला म्हणजे चित्र आलं,' असं लोक म्हणत. त्यालाही ते आवडायचं.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत उमेश गावित गुरुजींनी त्याला बोलावलं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, घर पोशेऱ्यापलीकडच्या एका पाड्यावर. त्यांना एकाच छत्रीवर दोन उपग्रह हवे होते. एकावर मराठी चॅनेल, दुसऱ्यावर हिंदी बातम्या आणि क्रिकेट. काम हरेशला माहीत होतं. छत्रीच्या मध्यावर एक एलएनबी, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडणारी डबी, त्याच्या बाजूला पट्टी लावून दुसरा. दोघांच्या वायरी एका छोट्या स्विचमध्ये, आणि तिथून एक वायर घरात रिसीव्हरला. कुठला उपग्रह घ्यायचा हे रिसीव्हरनं स्विचला सांगायचं. त्यासाठी रिसीव्हर तसा लागतो. हरेशच्या दुकानात एक रिसीव्हर वर्षभर पडून होता. त्याच्या खोक्यावर स्विचबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. हरेशनं ते पाहिलं, 'चालेल' असं स्वतःशी म्हटलं आणि खोकं पिशवीत टाकलं.

गुरुजींच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. पहिला उपग्रह तासाभरात आला. पोरांनी टाळ्या पिटल्या. दुसरा येईना. हरेशनं बाजूचा एलएनबी बोटभर इकडे सरकवला, बोटभर तिकडे, जरा फिरवला, छत्री थोडी उचलली. टीव्हीवरची सिग्नलची पट्टी जागची हलेना.

अशा वेळी काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. स्विच काढायचा आणि दुसऱ्या एलएनबीची वायर सरळ रिसीव्हरला लावून बघायची. चित्र आलं तर एलएनबी ठीक, दोष रिसीव्हरचा. दहा मिनिटांचं काम. पण दोष रिसीव्हरचाच निघाला, तर एवढ्या लोकांसमोर 'मी चुकीचा आणला' असं म्हणावं लागलं असतं. त्यानं मान वर केली. छत्री ज्या बाजूला तोंड करून होती, तिथे बांधावर एक जुना मोह उभा होता.

"गुरुजी, झाड आड येतंय," हरेश म्हणाला.

गुरुजींनीही वर पाहिलं. "मोह?"

"दुसरा उपग्रह त्याच बाजूला आहे. फांद्यांत अडकतंय."

"छत्री दुसरीकडे लावली तर?"

मागच्या अंगणात लावता आली असती. पण तिथेही हाच रिसीव्हर लागला असता आणि चित्र आलंच नसतं. "तिकडे घर आड येईल," हरेश म्हणाला.

गुरुजींनी रमेशला हाक मारली. रमेश वाघ हा कातकरवाडीतला अठरा-एकोणीस वर्षांचा तरणा गडी, मिळेल ते मजुरीचं काम करायचा. तो कुऱ्हाड घेऊन आला आणि सरसर वर चढला. मोह गुरुजींच्या बांधावर होता, पण त्याची फुलं वेचायची रमेशच्या आईनं, तुळशीनं. तिच्या सासूनं वेचली होती, सासूच्या आधीही त्यांच्याच घरचं कुणी वेचत असेल. कागदावर असं कुठे नव्हतं, पण पाड्यावर सगळ्यांना ते मान्य होतं. रमेश वर चढण्याआधी जरा घुटमळला. "आयला विचारू का?" असं म्हणाला. गुरुजी म्हणाले, "अरे, फांद्या तर तोडायच्यात. परत फुटतील."

छत्रीच्या बाजूच्या फांद्या खाली आल्या. पट्टी हलली नाही.

हरेश नंतर बायकोला म्हणायचा, की तोवर जे झालं त्याला चूक म्हणता येईल, पण त्यापुढचं नाही. कारण फांद्या पडल्यावर त्या बाजूला स्वच्छ आभाळ दिसत होतं आणि दोष कुठे आहे हे त्याच्या मनाला कळलं होतं. तरी गुरुजींनी विचारलं, "आता?" तेव्हा तो म्हणाला, "शेंडा अजून मध्ये आहे. बुंध्यापासून काढला तर बरं."

बुंधा दोन माणसांच्या कवेतला होता. रमेशबरोबर आणखी एकजण आला. कुऱ्हाडीचे घाव सुरू असताना तुळशी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगरावरून उतरली. तिनं मोळी खाली टाकली आणि उभी राहिली. मुलाला ती काही बोलली नाही. गुरुजींनाही नाही. ती हरेशजवळ आली, कारण जिच्यासाठी हे चाललं होतं ती छत्री त्याच्या हातात होती.

"पोरा, आभाळ तं केवढा मोठा. त्याला ह्यो एक झाड आड येतो?"

"येतो, तुळशीबाय," हरेश म्हणाला.

तिनं मान डोलावली. शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे तसंच असणार. ती तिथेच खाली बसली आणि मोह पडेपर्यंत बसून राहिली. त्याला कळ्यांचे झुपके नुकतेच धरू लागले होते.

झाड पडलं तरी पट्टी तशीच. हरेश म्हणाला, "रिसीव्हर गरम झालाय, दुकानात नेऊन बघतो." दुकानात त्यानं दार लोटून घेतलं, टेबलावर स्विच जोडला आणि रिसीव्हरचा सगळा मेनू पालथा घातला. स्विचला हुकूम देण्याची सोयच त्याच्यात नव्हती. चार दिवसांनी नाशकाहून दुसरा रिसीव्हर आणून त्यानं गुरुजींकडे लावला. दोन्ही उपग्रह पाच मिनिटांत आले.

"बघा," गुरुजी जमलेल्यांना म्हणाले, "झाड काढलं म्हणून!"

हरेश वायर गुंडाळत राहिला. तुळशी पायरीखाली अंगणात बसून टीव्ही बघत होती. कुठल्याशा समुद्राचं चित्र होतं. जाताना ती त्याला म्हणाली, "तुझ्यामुळं दिसला रे बाबा." त्या दिवशी हरेशनं गुरुजींकडे चहासुद्धा घेतला नाही.

चैत्रात तो भावाकडे पोशेऱ्याला गेला होता. सकाळी बायका मोहाखाली टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. सगळ्यांच्या मागून, वेचून झालेल्या झाडाखाली, तुळशी वाकून उरलेली फुलं शोधत होती. एवढ्या लांब ती चालत आली होती. तिची टोपली अर्धीही भरली नव्हती. हरेशला तिनं पाहिलं नाही. तो भावाच्या घरी न थांबता तसाच जव्हारला परतला.

त्याची बायको प्रतिभा पंचायत समितीत कारकून होती. दोन दिवस तिनं त्याचं गप्प राहणं पाहिलं आणि मग विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, खोक्यावर काय लिहिलं नव्हतं तिथपासून.

"मग जाऊन सांगा की," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच."

आधी तो गुरुजींकडे गेला. गुरुजींनी ऐकता ऐकता टीव्हीचा आवाज बंद केला.  मग म्हणाले, "पाडायला मीच सांगितलं होतं, हरेश. तिला विचारायचं मलाही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे, रमेशनं विचारलं होतं आणि मीच त्याला थांबवलं." पुन्हा आवाज लावत म्हणाले, "आता बोलून झाड उभं राहणार आहे का? राहू दे." हरेश उठला. गुरुजींनी त्याला अडवलं नाही, पण ते सोबतही आले नाहीत.

तुळशी झोपडीपुढे कुडाला शेण लिंपत होती. हरेश तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तुळशीबाय, तो मोह आड येत नव्हता. मी खोटं बोललो. माझी पेटी चुकीची होती."

तिला नीट कळलं नाही म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी तिचा हात थांबला.

"जराही आड नव्हता?"

"जराही नाही."

तिनं हात पाण्यात बुडवून धुतले, लुगड्याला पुसले. तो शिव्यांची वाट पाहत होता. त्या मिळाल्या असत्या तर बरं, असंच त्याला वाटत होतं. ती हळू आवाजात बोलू लागली. ज्या साली वावर-वांगणीची पोरं कुपोषणानं गेली, त्या साली तिच्या घरातही नागली संपली होती. रमेश तेव्हा लहान होता, पोट फुगलेलं, पाय काड्यांसारखे. त्याच झाडाची वाळवलेली फुलं शिजवून तिनं त्याला चारली होती. "त्याला सारा ठावा हाय," ती म्हणाली. "मीच सांगितलाय. तरी गुरुजीनं सांगितला म्हणून त्यानं कुऱ्हाड घातली. आभाळाला आड येतो म्हणून घातली."



"आता त्याला सांगू नको," ती म्हणाली. "मना सांगितला तो बस झाला. फुकट तोडला असा त्याला कळला, तं तो पोर जेवायचा नाय. तू सोस, मी सोसतंय."

"मी काय करू, तुळशीबाय? काहीतरी सांग."

"काय करशील? तू काय मोह हायस?" ती म्हणाली आणि पुन्हा लिंपायला लागली.

त्यानंतर पाच-सहा वर्षं हरेशनं छत्र्या लावल्या. झाड आड येतं असं गिऱ्हाईक म्हणालं, तर तो आधी प्रत्येक वायर सुटी करून तपासायचा, मग छत्रीची जागा बदलायचा. एकदा गच्ची नसलेल्या घरावर बांबूचा माळा बांधून त्यानं छत्री वर चढवली. लोक म्हणायचे, हरेश हल्ली फार वेळ लावतो. पुढे कंपन्यांच्या लहान डिश आल्या, त्यांची माणसं आली, आणि त्यानं दुकानात मोबाइल दुरुस्ती सुरू केली.

त्याच्या भावाच्या शेतात दोन मोह आहेत. 'ते तुळशीला वेचू दे,' असं त्यानं भावाला सांगितलं आणि भाऊ कारण न विचारता हो म्हणाला. तुळशी दोन वर्षं आली. तिसऱ्या वर्षी गुडघ्यांमुळे तिला एवढं चालवेना.

रमेश भिवंडीला गोदामात कामाला लागला. होळीला गावी येताना जव्हारला एसटी बदलतो तेव्हा दुकानात डोकावतो. 'हरेशदादा' म्हणून हाक मारतो, समोरच्या टपरीवर चहाला नेतो, गोदामातल्या गमती हिंदी मिसळून सांगतो. मनानं मोकळा माणूस आहे. हरेश त्याचं सगळं ऐकतो, हसायच्या ठिकाणी हसतो, आणि एसटी लागली की त्याची पिशवी उचलून गाडीपर्यंत पोचवतो.