चुकवलेली पायरी

माझा मोठा भाऊ बऱ्हाणपुरात भौतिकशास्त्र शिकवायचा. उदाहरण सोडवून दाखवताना तो एक पायरी मुद्दाम चुकवायचा आणि ती कोणी पकडतंय का, याची वाट पाहत गप्प बसायचा. मीही त्याच्याकडे अशीच शिकले. तो गेल्यापासून त्याची मुलगी अकरावीचं पुस्तक घेऊन माझ्याकडे येते.

परवा सापेक्ष वेगाचं उदाहरण सोडवून ती म्हणाली, "आत्या, आन्सर तर येतंय, पण समझ में नाही येत."

मी कागदावर तापी काढली, पलीकडे जैनाबाद, आणि नावेचं तोंड सरळ समोरच्या घाटाकडे ठेवलं. मग दादासारखी गप्प बसले.

ती बराच वेळ चित्राकडे पाहत होती. "अशी नाव त्या घाटाला कशी लागेल? धार तिला खाली नेईल. तोंड थोडं वरच्या बाजूला पाहिजे ना?" मग हळूच म्हणाली, "ही बाबांची चूक आहे?"

"हो."

"अजून एक दे ना."

त्याच्या चुकांपैकी मला एवढीच नीट आठवत होती. पुढचं उदाहरण त्याने कुठे चुकवलं असतं, याचा विचार करत मी पेन्सिल धरून बसून राहिले.