आवाजाचा रकाना

आमच्या कारखान्यात डोंगरी सायकलींचे सुटे भाग बनतात, आणि ते भाग मोडण्याचा पगार तिथे एकाच माणसाला मिळायचा. आम्ही काही मोडलं तर बोलणी खायचो, त्यांनी मोडलं तर शाबासकी. हजेरीपटावर त्यांचं नाव काही का असेना, सगळे त्यांना कानसेन म्हणायचे. स्वतः न गाता नुसतं ऐकण्यात मुरलेल्या माणसाला तसं म्हणतात, आणि हा गृहस्थ बावीस वर्षं सायकल ऐकत होता.

काम असं होतं. नवा भाग तयार झाला की तो त्यांच्या सायकलीला बसवायचा आणि कारखान्यामागच्या टेकडीवर न्यायचा. चढ, वळण, दगडगोट्यांचा उतार, ओढ्यातले धोंडे, परत फाटक. एक फेरी चाळीस मिनिटांची. अशा तीनशे तासांच्या फेऱ्या, त्याही एकट्याने, कारण दुसरी सायकल सोबत असली की तिचा आवाज मिसळतो. कानात गाणी नाहीत, वाटेत कुणी भेटलं तरी थांबून गप्पा नाहीत. हा नियम त्यांनीच केला आणि त्यांनीच पाळला. दुसऱ्या कुणाला तो पाळावासा वाटला असता असं मला वाटत नाही.

"वस्तू माणसासारखी अचानक जात नाही, टायपिस्टबाई," ते म्हणायचे. "आधी सांगते. आपण ऐकायला हवं." त्यांची बायको एका दुपारी कपडे वाळत घालताना गेली होती, हे मला ठाऊक होतं. म्हणून या वाक्यावर मी कधी चेष्टा केली नाही. एरवी माझं तोंड फटकळ आहे.

मी अहवाल टाइप करते. फेरी संपली की ते घामेजलेले माझ्या टेबलापाशी यायचे, खुर्ची असून उभे राहायचे आणि सांगायचे. कागदावर पाच रकाने: भाग, तास, आवाज, दोष, काय बदलावे. आवाजाच्या रकान्यात त्यांचं सगळं पांडित्य उतरायचं. "चढावर उजवा पाय दाबला की बारीक टिक्, डावीकडे नाही." "उतारावर मागच्या चाकात ओली कुरकुर, ऊन पडलं की बंद." मी म्हणायची, "अहो, ही सायकल आहे की रुसलेली जाऊबाई?" ते हसायचे नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तोच विनोद मलाच ऐकवायचे.

एकदा त्यांच्या घरी कागदावर सही घ्यायला गेले होते. दोन खोल्या. फ्रिज गॅलरीत काढून ठेवलेला, कारण तो घरघरतो. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढलेला. कान ताजे राहायला हवेत म्हणे. मी चहाचा कप बशीत ठेवला तर तो आवाज मलाच मोठा वाटला. अशा घरात माणूस स्वतःशीसुद्धा काय बोलत असेल! परत येताना मला उगाचच त्यांचा राग आला होता.

लेक दूरच्या शहरात. दर रविवारी सकाळी तिचा फोन. सोमवारी ते मला तिची खुशाली सांगायचे, आणि एवढंच एक बोलणं त्या माणसाचं रकान्याबाहेरचं होतं.

गेल्या वर्षी गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमत वाटली. आवाजाच्या रकान्यात मी लागोपाठ 'नाही' टाइप करायला लागले. ब्रेक, आवाज नाही. मागचा गिअर, आवाज नाही. चेनची गरारी, नाही. आमचा डिझायनर, हुशार पण स्वतःवर भारी खूश, त्याने या रकान्याचा आलेख काढून भिंतीला लावला. खाली लिहिलं, 'आपला माल सुधारतो आहे.' बाहेरून पाहुणे आले की त्यांना आधी त्या भिंतीशी नेऊन उभं करायचा. आठ महिने आम्ही सगळ्यांनी त्या भिंतीकडे बघून पाठ थोपटून घेतली. ऐकणाऱ्याकडे कुणी बघितलं नाही.

मी बघितलं ते किटलीमुळे. आमची किटली पाणी उकळलं की शिट्टी मारते. त्या दिवशी ती कानसेनांच्या हाताशी बोंबलत होती आणि ते शांतपणे पान उलटत होते. मी टेबलावरून ओरडले, "अहो, किटली!" माझी हाक त्यांना ऐकू आली. शिट्टी नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीचा फोन ऑफिसात आला. "मावशी, बाबा हल्ली बोलायचं टाळतात. नुसतं हो-हो करतात, मग म्हणतात मेसेज टाक. माझं काही चुकलं का हो?"

मी म्हटलं, कामाचा ताण असेल. फोन ठेवला आणि टाइप करायचा पुढचा कागद ओढला.

तो नव्या क्रँकचा अहवाल होता. क्रँक म्हणजे पॅडल ज्याला लागतं तो दांडा. शर्यतींमध्ये सध्या आखूड क्रँकचं वारं आहे. पॅडल दगडाला कमी घासतं. आमचा दांडा आखूड होता, शिवाय आतून पोकळ, फुलासारखा हलका. कानसेनांना तो पहिल्यापासून आवडला नव्हता. "शर्यतवाल्याला टिकणारी वस्तू नको असते, लवकर पोचवणारी हवी असते," ते म्हणाले होते. पण आवडनिवड रकान्यात बसत नाही. दोनशे नव्वद तास झाले होते. उरलेले दहा तास भरले की दांडे शर्यतीच्या संघाकडे जाणार होते. उतारावर पोरं त्यांच्यावर उभी राहणार, साठच्या वेगाने. आणि रकान्यात होतं, 'नाही'.

कानसेन आले तसं मी दार लावलं आणि सरळ सांगितलं. "तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत."

ते असे भडकले की बावीस वर्षांत भडकले नव्हते. "तुम्ही टाइप करा. ऐकायचं काम माझं आहे." आणि निघून गेले. मी दिवसभर चुकीची अक्षरं बडवत बसले. हा माणूस या कामावरून गेला तर जाणार कुठे? त्या दोन खोल्यांत? मीच कशाला तोंड उघडलं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

"चढावर याल? वळणाच्या आधी एक सपाट दगड आहे, त्यावर बसा. मी शेजारून जाईन. टिक् ऐकू आलं तर हात वर करा."

बावीस वर्षांत त्या वाटेवर त्यांनी सोबत मागितली ती ही पहिली. मी चपला फरफटत चढले, धापा टाकत दगडावर बसले. खालून ते येताना दिसले, सीटवरून उठून, सगळा भार पायांवर घेऊन. दगडापाशी आले आणि मला ऐकू आलं. उजवा पाय खाली गेला की टिक्. पुन्हा उजवा, पुन्हा टिक्. त्यात पांडित्य काही नव्हतं, माझ्यासारखीलाही कळत होतं.

माझा हात मांडीवर होता. तो तिथेच ठेवला असता तर कुणाला काही समजलं नसतं. ते माझ्याकडे बघत होते, रस्त्याकडे नाही. मी हात वर केला.

ते खाली गेले आणि पुन्हा आले. मी पुन्हा हात वर केला. असं पाच वेळा. पाचव्या वेळी त्यांनी सायकल आडवी टाकली, भिंग काढलं आणि पॅडलच्या भोकाजवळ बराच वेळ बघत राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं. केसाएवढी रेघ होती.

"हात दाखवून अवलक्षण," मी पुटपुटले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, पण विचारलं नाही.

ते दगडावर माझ्याशेजारी बसले. मी मोठ्याने, सावकाश, लेकीचा फोन सांगितला. तिने विचारलेला प्रश्नही सांगितला. ते चेनचं काळं तेल अंगठ्याने पुसत राहिले.

"तिचा आवाज आईवर गेलाय," ते म्हणाले. "अगदी बारीक. पहिल्यांदा तोच गेला. दर रविवारी मी फोन कानाला दाबून बसतो. तिला कसं सांगू? कान गेले म्हटलं की ती मला तिकडे घेऊन जाईल. मग हे," त्यांनी वाटेकडे हात केला, "हे कुणाला देऊ?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण आम्ही तसे नव्हतो.

खाली आल्यावर त्यांनी माझ्याकडून कोरा अहवाल मागून घेतला. आजवर ते नेहमी तोंडी सांगायचे. त्या दिवशी स्वतः लिहिला. अक्षर शाळकरी, ठळक. भाग: क्रँक. तास: दोनशे नव्वद. आवाज: आहे. मला आला नाही, टायपिस्टबाईंना आला. दोष: पॅडलजवळ तडा, मागच्या आठ महिन्यांचे सगळे भाग पुन्हा तपासावेत. शेवटचा रकाना उरला, 'काय बदलावे'. मग त्यांनी लिहिलं, 'क्रँक आणि चालवणारा.'

मी यंत्रात कागद चढवला आणि 'क्रँक आणि' इथपर्यंत टाइप केलं. मग हात थांबले. "हा शेवटचा शब्द मी टाइप करणार नाही," मी म्हटलं.

ते पुढे वाकले आणि हात कानामागे धरला. माझ्यासमोर असं त्यांनी पहिल्यांदाच केलं.

"काय म्हणालात? पुन्हा सांगा."

मला पुन्हा म्हणवलं नाही. मी टाइप केलं.