सखूच्या तळहातावरची साखर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली — तिलाही नाही. दोन हजार तेवीस साल, मी एकाहत्तर वर्षांचा, आणि एका पुस्तकानं मला माझ्याच घरात उघडं पाडलं. चौथी शिकलेल्या माणसाला — पुस्तकानं! राग येणार नाही तर काय होईल?

लेकीची लेक पल्लवी माढ्याहून शिकायला आली, आमच्याकडंच भवानी पेठेत राहिली. इंग्रजीचा मोठा अभ्यास तिचा. एक जुनी कादंबरी होती — माळावर एकटं पडलेलं भुताटकीचं घर, त्यात एक बहीण, तिचा भाऊ, आणि तिच्यावर जीव लावून बसलेला एक परका. त्या माणसांचं एकटेपण आणि तडीला न जाणारं प्रेम, यावर पल्लवीला लिहायचं होतं. रोज संध्याकाळी ती ते मराठीत करून सांगायची. ऐकायला माझी धाकटी बहीण, सखू. साठी उलटलेली, बिनलग्नाची, शेजारणीच्या उंबऱ्यावरही न जाणारी. हातातली मेथी तशीच ठेवून ऐकायची. माझं कधी ऐकलं होतं तिनं असं?

एकदा पल्लवी म्हणाली, "आबा, सगळा घात त्या भावानं केलाय."

मी भडकलो. "त्याचं घर, त्याची बहीण! तुला काय कळतंय?"

"तुमचा पावणा लागतो व्हय तो?" ती हसली. मग सखूकडं वळली. "आत्याआजी, तू गं का नाही केलंस लग्न?"

सखू मेथीकडं बघत म्हणाली, "ज्याच्याशी करायचं, त्याचाच साखरपुडा झाला की. साखर खाल्ली म्या त्याची. दादानंच आणली हुती."

दादा म्हणजे मी.

कसं सांगू — सांगतो. तेव्हा सखू विशीतली, आईबाप आधीच गेलेले, तिचं लग्न माझ्या हातात. नरसय्या माझ्या शेजारच्या मागावर चादरी विणायचा. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. सरळ गडी. सखूला मागणी घालू का, म्हणून त्यानं मला तोंडावर विचारलं. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तो भावाच्या लग्नाला गावी गेला — आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर घेतली. पुडी बांधली. वर कुंकवाचं बोट ओढलं. "नरसय्याचा साखरपुडा झाला," म्हणून सखूच्या तळहातावर साखर ठेवली. असल्या पुडीवर आमच्यात कोण शंका घेतं? माझ्यासमोर खाल्ली तिनं. रडलीसुद्धा नाही.

तो परतला तेव्हा त्याला म्हणालो, सखूची दुसरीकडं सुपारी फुटली, वाट बघू नकोस. तो भिवंडीला निघून गेला.

काय अडलं होतं माझं? काही नाही! तेलुगू बोलणारा मेहुणा मला चारचौघांत नको होता, एवढंच. पुढं सखूनं आलेलं प्रत्येक स्थळ मोडलं, आणि मी — मी तिच्यावरच ओरडत राहिलो. हट्टी म्हणालो तिला.

त्या संध्याकाळी सांगता आलं असतं की. दोघी समोर बसल्या होत्या. तोंड उघडलं ते शिव्या द्यायला — पुस्तकाला, कॉलेजला, पोरीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा बोलावली. पल्लवीला म्हणालो, हॉस्टेलवर राहायचं, हितं न्हाय. तिची बॅग मीच उचलून ठेवली, पुस्तकही. सखू दारात आली. "अगं, त्या बाईचं शेवटी काय झालं, तेवढं तरी सांगून जा की," म्हणाली. पल्लवी सांगायला बाहेर वाकली. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "चल."