काट्यावर न आलेला माणूस

अमेरिकेतल्या रेड नदीच्या खोऱ्यात जमीन इतकी सपाट, की साखरेच्या बीटचा ट्रक दिसण्याआधी त्याची धूळ दिसते. तिथल्या वजनकाट्यावर मी वीस हंगाम काढले. व्हर्लिन टोस्ट्रुड मला तिथेच भेटला, आणि तेव्हा तो माणूस होता.

त्याच्या हाताखाली सहा जण. आमच्या एकट्या काट्याचं सॉफ्टवेअर करत होते. हंगामाला दहा दिवस उरले असताना मी म्हणालो, "दोन ट्रक लागोपाठ आले की एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर पडतंय." तो चिखल तुडवत आला, दुपारभर काट्याशी उभा राहिला. "यंदा कागदावरच लिहा," म्हणाला. माझ्या थर्मासमधली कॉफी संपायच्या आत निर्णय झाला.

पुढे काम वाढलं. चाळीस काटे, नव्वद माणसं. मलाही सॉफ्टवेअरच्या तपासणीला घेतलं. दर सोमवारी भिंतीवर हिरव्या, पिवळ्या, तांबड्या ठिपक्यांचा तक्ता लागे. ज्याचा ठिपका तांबडा, म्हणजे काम अडलेलं, त्याने सगळ्यांसमोर उभं राहून जाब द्यायचा. मग काय, शेवाळलेल्या डबक्यासारखा सगळा तक्ता हिरवागार.

हंगामाला बारा दिवस होते, आणि तीच खोड पुन्हा निघाली.

"व्हर्लिन, मागे हेच तू थांबवलं होतंस."

"तेव्हा सहा जण होतो रे. आता थांबवायचं तर चौदा सह्या लागतात."

"मग काट्यावर चल. तासाभराचा रस्ता."

"अर्ज भर. शिवाय वीस माणसं वाढवतोय मी."

"त्या वीस जणांना काटा म्हणजे काय हे सांगण्यातच बारा दिवस जातील, बाबा! दुरुस्त कोण करणार?"

तो हसला. "तू अजून काट्यावरच बसलायस."

मी तांबडा ठिपका लावला. दुपारी कुणीतरी तो पिवळा केला. संध्याकाळी व्हर्लिनने स्वतःच्या हाताने हिरवा केला. इतकं मोठं काम, आणि त्याच्या वाट्याला एवढीच करामत उरली होती.

एक ऑक्टोबरला हंगाम सुरू झाला. मी सकाळीच माझ्या जुन्या काट्यावर गेलो. ऑर्लिन ग्रोथ ट्रकमधून उतरून ओरडत होता, "वर्षभर राबलो मी, आणि माझं बीट शेजाऱ्याच्या नावावर?" त्याच्यामागे एकतीस ट्रक थांबले होते. मी कपाटातून जुनं पावतीपुस्तक काढलं.

तेवढ्यात व्हर्लिनचा फोन आला. "किती ट्रक अडकलेत?"

"येऊन बघ."

"तसं नाही रे, तक्त्यात भरायचंय. पिवळा चालेल ना?"

मी फोन ठेवला, पेन्सिलीला टोक काढलं आणि ऑर्लिनला म्हणालो, "घे, चढव ट्रक काट्यावर."