सगळे दुपारचे जन्मलेले

सुईणमावशींच्या हातून निम्मी वस्ती जगात आली, आणि कागदोपत्री सगळीच्या सगळी दुपारी आली. यात निसर्गाचा काही संबंध नव्हता.

सकाळ पाहुण्यांची होती. पाहुणे आले तेव्हा मावशींचे दुधाचे दात पडत होते. ते कुठून आले हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारणं बरं दिसलं नसतं. आमची कातडी पातळ, दुपारचं ऊन सोसवत नाही, फिरायला तेवढी सकाळ द्या, असं म्हणाले. वडीलधाऱ्यांनी विचार केला, मागून मागितली काय, तर सकाळ. तशीही तरणी पोरं ती अंथरुणातच घालवतात. देऊन टाकली. मग कळलं की सकाळ दिली म्हणजे तिच्यात जे जे होतं तेही दिलं: झाडाखाली पडलेली फळं, कोंबड्यांची अंडी, नदीवरचं धुकं. घरोघर खिडक्यांना काळ्या फळ्या बसल्या. दुपारचा भोंगा होईपर्यंत आपल्या लोकांनी बाहेर डोकवायचं नाही, एवढाच काय तो जाच. बाकी पाहुणे सभ्य. फळ्या ठोकताना त्यांनी खिळे स्वतःचे आणले होते.

सकाळी जन्मलेलं मूलही ओघानेच त्यांचं. त्याला टेकडीपलीकडच्या वसतिगृहात नेत. तिथे मुलांना उत्तम वळण लागे. मोठी होऊन भेटायला येत तेव्हा पाय पुसून आत येत आणि आईला 'बाई' म्हणत.

नियमाने जन्म धरायचा तो पहिल्या रडण्यापासून, आणि ते ऐकायला गल्लीत पाहुण्यांनी नेमलेला पहारेवाला फिरे. म्हणून मावशी मूल हाती आलं की त्याची पाठ चोळत, आणि श्वास सुरू झाला की ते तोंड उघडायच्या आत आईच्या छातीला लावत. भोंगा झाला की मग मांडीला चिमटा. अशी एक अख्खी पिढी मुकाट्याने जन्मली. पुढेही तिने फारसा आवाज केला नाही, हा त्या युक्तीतला तोटा.

मावशींच्या एकुलत्या एका लेकीचे दिवस भरले तेव्हा मात्र गणित फसलं. नात ऐन सकाळी आली आणि आजीचा हात पाठीवर पडायच्या आधीच तिने असा टाहो फोडला की फळीवरची भांडी वाजली. आजीच्या कसबाची तिला काडीची कदर नव्हती. लेकीने तिला पदराखाली घेतलं तोवर दारावर थाप पडली होती.

दारात पहारेवाला उभा. आपल्यातलाच, चाळिशीला टेकलेला. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलेलं. ती एकदा वाजली की वसतिगृहाची गाडी येई.

कोण रडलं, असं त्याने विचारलं. कोपऱ्यात उभे असलेले जावईबापू म्हणाले, "मी."

"पुन्हा रडा बघू."

जावईबापू रडले. मनापासून रडले, पण माणूस पडला सुतार. आवाज रंधा मारल्यासारखा निघाला. शिट्टीने शिट्टी ओठांना लावली.

मावशी हात पुसत पुढे आल्या. "वाजव. पण गाडी आली की तूही चढ. तू न्याहारीच्या वेळचा आहेस."

काहीतरीच काय मावशी, मी दुपारचा, सगळ्यांना माहीत आहे, असं तो म्हणाला.

"सगळे दुपारचेच आहेत रे. केले कोणी?"

शिट्टी विचारात पडला. नियमात वयाची अट नव्हती. गेल्याच साली एक पेन्शनर आजोबा असे उघडकीला आले होते. त्यांना बालवर्गात बसवलं. प्रगती बरी आहे म्हणतात.

त्याने शिट्टी खाली सोडली, उंबऱ्यावर बसला आणि जावयांची दाढ दुखतेय म्हणून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला. त्यामुळे जावईबापूंना भोंग्यापर्यंत अधूनमधून विव्हळत राहावं लागलं. एकदाचा भोंगा झाला, नातीला चिमटा बसला आणि ती रीतसर जन्मली.

खरं म्हणजे शिट्टीचा जन्म अगदी नियमात बसणारा, भर दुपारचा. मावशींना पक्कं आठवत होतं. त्या दिवशी जेवण जड झालं होतं आणि त्यांना पेंग येत होती.

शिट्टी कपडे झटकत उठला, पण जाईना. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, खरंच सकाळ होती?"

"हो."

"कशी होती?"

मावशींनी लेकीकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर त्याच्या मानेवरचं ओझं उतरलं असतं. पण गळ्यातली शिट्टी भोंग्यानंतरही वाजू शकत होती.

"फळीला फट होती," त्या म्हणाल्या. "कोवळं ऊन आत आलं होतं. तुझ्या तळपायांवर पडलं. गुदगुल्या झाल्यासारखे तू पाय ओढून घेतलेस."

शिट्टी उंबरा ओलांडून निघाला. बाहेर ऊन रणरणत होतं. वळणावर तो थांबला, भिंतीला टेकला आणि एका पायातला बूट काढून तळवा पाहत बराच वेळ उभा राहिला.